लंडन ते टोकियो: अंतर किती आणि तास किती धरायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या आई सध्या लंडनला तुमच्या बहिणीकडे आहेत आणि तिथून टोकियोला तुमच्याकडे येणार आहेत. अंतर शोधलं तर तुम्हाला एका ठिकाणी 9,600 मिळालं, दुसरीकडे 5,970 आणि तिसरीकडे 5,180. वेळेचा घोळ त्याहून मोठा. अंतरावरून वेळ काढून देणारा कॅल्क्युलेटर साडेबारा तास म्हणतो, तिकिटावर चौदा तास लिहिलेत, आणि सुटण्याची वेळ पोहोचण्याच्या वेळेतून वजा केली की बावीस तास येतात. आईंना दर बारा तासांनी एक गोळी घ्यावी लागते, म्हणून यातला खरा आकडा कोणता ते हवंय.

मी गेली बावीस वर्षं डिस्पॅचर म्हणून काम करते. विमान सुटायच्या काही तास आधी त्याचा मार्ग, उंची, इंधन आणि वाटेत गरज पडली तर उतरायची ठिकाणं ठरवणं हे आमचं काम. म्हणजे तुम्ही विचारलेला प्रश्न मी रोज सोडवते, फक्त तो मला प्रत्येक उड्डाणासाठी नव्याने सोडवावा लागतो. तुम्ही दिलेल्या आकड्यांपैकी एकही चुकीचा नाही. प्रत्येक आकडा वेगळंच काहीतरी मोजतोय, इतकंच.

अंतराचं कोडं आधी संपवू, कारण ते सोपं आहे. 9,600 किलोमीटर, 5,970 मैल आणि 5,180 नॉटिकल मैल हे एकच अंतर आहे. एक मैल 1.609 किलोमीटरचा आणि एक नॉटिकल मैल 1,852 मीटरचा. विमानाच्या जगात सगळं नॉटिकल मैलात चालतं, पण बऱ्याच ठिकाणी नुसतं ‘मैल’ लिहून सोडून देतात. याशिवाय वीस-तीस किलोमीटरचा फरक दिसला तर सोडून द्या. कोणी विमानतळ ते विमानतळ मोजतं, कोणी शहराचा मध्य धरतं, कोणी पृथ्वीला पूर्ण गोल मानतं, तर कोणी ध्रुवांकडे किंचित चपटी धरून हिशोब करतं.

आता हे 9,600 नेमकं कुठून कुठे जातं ते बघा. घरात पृथ्वीचा गोल असेल तर एक दोरा घ्या, एक टोक लंडनवर, दुसरं टोकियोवर दाबून धरा आणि दोरा ताणा. तो आपोआप वर सरकतो. नॉर्वे-फिनलंडच्या उत्तर भागाकडून, आर्क्टिक वृत्त ओलांडून, साधारण 71 अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढतो आणि मग सायबेरियावरून खाली जपानकडे उतरतो. हे बृहद्‌वृत्त, आमच्या भाषेत ग्रेट सर्कल. दोन ठिकाणांमधली सगळ्यात जवळची वाट हीच. भिंतीवरच्या चपट्या नकाशावर याच दोन शहरांमध्ये पट्टीने सरळ रेघ मारलीत तर ती युक्रेन, कझाकस्तान, चीन अशी जाते आणि जवळची वाटते. प्रत्यक्षात त्या रेघेवरून गेलं तर सुमारे 11,300 किलोमीटर पडतात, म्हणजे सतराशे किलोमीटर जास्त. नकाशा सपाट करताना उत्तरेकडचा भाग ताणला जातो, त्यामुळे डोळा फसतो. विमान ‘एवढं वर का गेलं’ असं सीटसमोरच्या पडद्यावर बघून अनेकांना वाटतं, त्याचं कारण हे.

पण तुमच्या आईंचं विमान बहुधा या दोऱ्यावरून जाणारच नाही. कॅल्क्युलेटरला हीच गोष्ट माहीत नसते. 2022 च्या फेब्रुवारीत युक्रेन युद्ध सुरू झालं आणि त्यानंतर युरोप आणि ब्रिटन इथल्या विमानांसाठी रशियावरची वाट बंद झाली, आणि जपानी कंपन्यांनीही ती सोडली. दोऱ्याचा मोठा तुकडा नेमका तिथूनच जातो. त्यामुळे लंडनहून टोकियोला जाणारी विमानं आता साधारणपणे काळ्या समुद्राच्या बाजूने कॉकेशस, कॅस्पियन, कझाकस्तान, चीन आणि कोरिया अशी जातात. गंमत बघा, भिंतीवरच्या नकाशावरच्या त्या फसव्या रेघेचा पट्टा साधारण हाच. 9,600 चे सहज 11,000 ते 12,000 किलोमीटर होतात. पूर्वी बारा तासांच्या आत होणारा प्रवास चौदाच्या घरात गेला तो यामुळे. तिकिटावरचा तुमचा आकडा इथून आलाय.

फिनलंडला याचा फटका सगळ्यात जास्त बसला. हेलसिंकी-टोकियो सरळ अंतर 7,800 किलोमीटरच्या आसपास, आणि ते साडेनऊ तासांत व्हायचं. आता त्याला तेरा तास लागतात, आणि त्यांची काही विमानं चक्क उत्तर ध्रुवावरून वळसा घालतात. जुन्या लोकांना यात नवीन काही वाटणार नाही. शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत हद्द अशीच बंद होती. 1957 मध्ये स्कँडिनेव्हियन कंपनीने कोपनहेगनहून टोकियोची जी सेवा सुरू केली ती ध्रुवाकडून, अलास्कातल्या अँकरेजला थांबा घेऊन. पुढची कितीतरी वर्षं युरोप-जपान प्रवास म्हणजे वाटेत अँकरेज हे ठरलेलं होतं.

चिनी कंपन्या मात्र रशियावरून अजूनही जातात. म्हणून युरोप आणि पूर्व आशियामधल्या एकाच दोन शहरांसाठी दोन कंपन्यांच्या वेळा दोन-दोन तासांनी वेगळ्या दिसतात. विमान तेच, वेग तोच, परवानगी वेगळी. तेव्हा ‘लंडन ते टोकियो किती वेळ’ असं न विचारता ‘या कंपनीच्या या उड्डाणाला किती वेळ’ असं विचारावं लागतं. माझ्या उत्तरातही हे गृहीत आहे की आई थेट विमानाने, ब्रिटिश किंवा जपानी कंपनीने येताहेत.

आता वारा. माझ्या कामातला सगळ्यात जास्त वेळ यात जातो, म्हणून इथे थोडं थांबते.

लांब पल्ल्याचं आजचं विमान ध्वनीच्या वेगाच्या 0.85 पट, म्हणजे त्या उंचीवरच्या थंड हवेत ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपास जातं. हा वेग हवेच्या तुलनेत असतो, जमिनीच्या नाही. आणि हवा स्वतःच वाहत असते. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार अरुंद पट्टे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. जपानवरचा पट्टा हिवाळ्यात फारच तगडा असतो. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने 1920 च्या दशकात फुगे सोडून तो मोजला होता. त्याने आपला अहवाल एस्पेरांतो या मुद्दाम तयार केलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत छापला आणि तो बाहेरच्या जगात फारसा कोणी वाचला नाही. मला या माणसाबद्दल फार आदर आहे. आज आम्ही ज्या वाऱ्यावर टनावारी इंधन वाचवतो तो त्याने फुगे आणि दुर्बीण एवढ्यावर शोधला.

हिशोब करून बघा. अंतर 9,600, वेग 900, वारा शून्य, तर 10 तास 40 मिनिटं. पाठीमागून सरासरी 100 चा वारा असेल तर 9 तास 36 मिनिटं. तोच वारा समोरून आला तर पूर्ण 12 तास. जाण्यायेण्यात जवळपास अडीच तासांचा फरक पडला, आणि एक किलोमीटरही कमी-जास्त झालेला नाही. कॅल्क्युलेटर यातलं काहीच धरत नाही. बहुतेकांमध्ये ताशी 800 किलोमीटर किंवा 500 मैल असा एकच वेग घालून वर अर्धा तास चढ-उताराचा मिळवलेला असतो. 9,600 भागिले 800 म्हणजे बारा, अधिक अर्धा. तुमचे साडेबारा तास इथून आले.

वारा किती करू शकतो याचं गाजलेलं उदाहरण 2020 च्या फेब्रुवारीतलं आहे. अटलांटिकवर सियारा नावाचं वादळ होतं, आणि ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग 747 न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोहोचलं. एरवी तिकिटावर सात तासांच्या आसपास असतात. जमिनीच्या तुलनेत त्याचा वेग ताशी 1,300 किलोमीटरपर्यंत गेला होता, तरी विमानाने ध्वनीची मर्यादा ओलांडलेली नव्हती, कारण भोवतालची हवाच त्याच्याबरोबर धावत होती.

यावरून हेही लक्षात येईल की सगळ्यात जवळची वाट ही सगळ्यात लवकर पोहोचवणारी वाट असेलच असं नाही. एअर इंडियाने 2016 च्या ऑक्टोबरमध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर सुमारे 1,400 किलोमीटरने वाढून 15,300 च्या आसपास गेलं, पण वारा पाठीशी आला आणि वेळ साडेचौदा तासांपर्यंत खाली आला. माझ्या टेबलावर हा प्रकार लहान प्रमाणात रोज होतो. एका जानेवारीतली रात्र मला अजून आठवते. पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारं विमान होतं. जवळचा मार्ग 10,400 किलोमीटरचा, पण त्यावर सरासरी 110 चा वारा समोरून. वेळ आला 13 तास 10 मिनिटं. वाऱ्याचा तक्ता उघडला तर उत्तरेकडे पट्टा एकदम विरळ होत होता. मार्ग तिकडे ढकलला, 11,000 किलोमीटर झाले, समोरचा वारा पंचवीसवर आला आणि वेळ 12 तास 35 मिनिटं. सहाशे किलोमीटर जास्त जाऊन पस्तीस मिनिटं आणि तीन टनांहून जास्त इंधन वाचलं. कॅप्टनने नकाशा बघून भुवया उंचावल्या, मी वाऱ्याचा तक्ता पुढे केला, आणि त्यांनी सही केली.

लंडन-टोकियोच्या बाबतीत हेच मोठ्या प्रमाणात घडलंय. टोकियोहून लंडनला परतणारी बरीच विमानं पश्चिमेला जातच नाहीत. ती पूर्वेला निघतात आणि उत्तर पॅसिफिक, अलास्का, कॅनडाचा उत्तर भाग, ग्रीनलंड, आइसलंड करत लंडनला येतात. म्हणजे जाताना पूर्वेला आणि येतानाही पूर्वेलाच, एका जाण्यायेण्यात पृथ्वीला पूर्ण प्रदक्षिणा. चीन-कझाकस्तानवरून परतायचं तर जेट स्ट्रीम तोंडावर घ्यावा लागतो, त्यापेक्षा हा फेरा परवडतो. आई परत जाणार असतील तर तेव्हाही चौदा-पंधरा तास धरा आणि खिडकीची सीट मागा. दिवसाउजेडी ग्रीनलंड दिसलं तर तो प्रवास त्या विसरणार नाहीत.

या उत्तरेकडच्या वाटेवर एक वेगळी काळजी असते, ती सांगते, कारण प्रवाशांना तिची कल्पना नसते. पंखांतलं इंधन तासन्‌तास गारठत राहतं. जगात बहुतेक ठिकाणी वापरलं जाणारं जेट ए-1 उणे 47 अंशाला गोठू लागतं, अमेरिकेतलं जेट ए उणे 40 लाच. बाहेरची हवा उणे साठच्या खाली असेल तर आम्ही इंधनाच्या तापमानाचा अंदाज आधी काढतो. कधी विमान थोड्या खालच्या, कमी गार थरातून न्यावं लागतं, कधी थोडं वेगाने. हवेच्या घर्षणाने पंख जरा उबदार राहतात. यातही दहा-पंधरा मिनिटं इकडची तिकडे होतात.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर 9,600 ही दोऱ्याची लांबी, 11,000 च्या वर प्रत्यक्ष मार्ग, आणि तो किती वेळात कापला जाईल ते त्या दिवसाचा वारा ठरवतो. तिकिटावरचे चौदा तास मात्र याहूनही थोडे वेगळे आहेत.

तिकिटावर असतो तो ब्लॉक टाइम. लंडनच्या पार्किंग बेमधून विमान मागे ढकललं जातं त्या क्षणापासून टोकियोच्या बेमध्ये चाकांखाली चोक, म्हणजे चाक हलू न देणारे ठोकळे, लागतात तोपर्यंत. हीथ्रोला धावपट्टीपर्यंत रांगेत जायला वीस मिनिटं, कधी त्याहून जास्त लागतात. टोकियोला उतरल्यावर बेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं. हे सगळं चौदा तासांत धरलेलं असतं. शिवाय कंपनी थोडा हात राखून वेळ देते, कारण पुढच्या उड्डाणाचं वेळापत्रक त्यावर अवलंबून असतं. म्हणून विमान अर्धा तास उशिरा सुटूनही वेळेवर पोहोचलेलं तुम्ही पाहिलं असेल. उन्हाळी आणि हिवाळी वेळापत्रकात हा आकडा बदलतो, तेही वाऱ्यामुळेच. विमान शोधून देणाऱ्या साइटवर उड्डाणाच्या क्रमांकाने मागच्या आठ-दहा दिवसांच्या खऱ्या वेळा बघायला मिळतात. मला कोणी घरातलं विचारलं तर मी तिकीट न बघता त्या वेळा बघते.

उरले बावीस तास. ते घड्याळांमुळे. टोकियो वर्षभर लंडनच्या मूळ वेळेच्या नऊ तास पुढे असतं. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत लंडन आपलं घड्याळ एक तास पुढे करतं, तेव्हा फरक आठ तासांचा. जपान घड्याळ बदलत नाही. उन्हाळ्यात लंडनहून दुपारी बाराला निघालात तर चौदा तासांनी लंडनमध्ये रात्रीचे दोन वाजलेले असतील आणि टोकियोत सकाळचे दहा. तिकिटावर बारा ते दुसऱ्या दिवशी दहा, म्हणजे बावीस तास दिसतात. परतीला उलटं. टोकियोहून सकाळी नऊला निघून साडेचौदा तासांनी उतरलात तर लंडनमध्ये त्याच दिवशीचे दुपारचे साडेतीन. साडेसहा तासांत पोहोचल्यासारखं दिसतं. सुटण्या-पोहोचण्याच्या वेळांची वजाबाकी कधीच करू नका. दोन्ही वेळा आधी एकाच शहराच्या घड्याळात आणा आणि मग वजा करा.

थेट विमान मिळालं नाही आणि वाटेत बदलायची वेळ आली, तर हिशोब पुन्हा मांडावा लागेल. उदाहरणार्थ दुबईवरून आलात तर लंडन-दुबई 5,500 आणि दुबई-टोकियो जवळपास 8,000 किलोमीटर. सात आणि पावणेदहा तासांच्या आसपासची दोन उड्डाणं, मधला थांबा तीन तासांचा धरला तरी वीस तास. तिकीट स्वस्त असेलही, पण वयस्कर, एकट्या आणि वेळेवर औषध घेणाऱ्या प्रवाशासाठी मी थेट विमानाचाच आग्रह धरेन. दोन तासांहून कमी थांबा तर अजिबात घेऊ नका. पहिलं विमान तासभर उशिरा आलं की त्यांना त्या प्रचंड विमानतळावर धावत सुटावं लागेल.

आता तुमचा मूळ प्रश्न, गोळ्यांचा. औषध पुढेमागे करायचं की नाही हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा, तो माझा विषय नाही. पण डॉक्टरांना जे तास सांगायचे ते मी देऊ शकते. आईंच्या मनगटावरचं घड्याळ पूर्ण प्रवासात लंडनच्या वेळेवरच राहू द्या. विमानातले लोक ‘आता टोकियोत अमुक वाजले’ म्हणाले तरी त्याला हात लावायचा नाही. समजा त्या सकाळी आठ आणि रात्री आठला गोळी घेतात आणि विमान उन्हाळ्यात दुपारी बाराचं आहे. सकाळची गोळी बहिणीच्या घरी होईल. रात्री आठची गोळी विमान निघाल्यावर आठ तासांनी येईल, तेव्हा त्या बहुधा मध्य आशियावर कुठेतरी असतील आणि केबिनमध्ये दिवे बंद असतील, म्हणून हवाई सुंदरीला आधीच सांगून ठेवलेलं बरं. त्यानंतरची गोळी लंडनच्या सकाळी आठला, म्हणजे टोकियोत दुपारी चारला, तुमच्या घरी. हिवाळा असेल तर पाचला. तिथून पुढे टोकियोच्या घड्याळावर कसं आणायचं ते डॉक्टर सांगतील.

विमानातले चौदा तास हे झाले. त्यात हीथ्रोला तीन तास आधी पोहोचणं, बहिणीच्या घरापासून तिथवरचा रस्ता, टोकियोला इमिग्रेशन आणि सामान यांचा तास-दीड तास, आणि तुमच्या घरापर्यंतचा प्रवास मिळवा. दारापासून दारापर्यंत वीस तास धरून चाला. विमान दुसरीकडे उतरवावं लागलं तर अजून काही तास वाढतात. असं क्वचित होतं, पण आम्ही प्रत्येक उड्डाणात त्यासाठी इंधन भरतो, तसं तुम्ही दोन दिवसांच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी त्यांच्या हातातल्या पर्समध्ये ठेवा. बॅगेत टाकून सामानात देऊ नका. जपानमध्ये काही औषधं आणायला आधी परवानगी लागते, तेव्हा गोळीचं नाव एकदा जपानी दूतावासाकडे तपासून घ्या.

उड्डाणाचा क्रमांक आणि तारीख इथे लिहिलीत, तर त्या आठवड्यातला वारा बघून मी आदल्या दिवशी जास्त नेमका अंदाज सांगू शकेन.